ऑगस्टमधले डिझेल अर्जात लिहावे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका मरीनात व्यवस्थापक असलेल्या भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. त्या मूळच्या रत्नागिरीच्या. वडील बंदर खात्यात कारकून होते. लग्नानंतर परदेशी गेल्यावर त्यांनी या मरीनाच्या स्वागतकक्षात अर्धवेळ नोकरी धरली आणि पुढे चौदा वर्षांनी तिथल्याच व्यवस्थापक झाल्या. सुमारे २४० नौकांचा हा तळ आहे. मालक कंपनीने यंदा उत्तम मरीना-व्यवस्थापनाच्या एका व्यावसायिक पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवायचे ठरवले असून ती लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले आहे. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्या इंधन-धक्क्यावर एका नौकेत डिझेल भरताना काही लिटर डिझेल पाण्यात गेले. घटना नियमाप्रमाणे कळवली गेली आणि दोन तासांत आवरली गेली. परंतु कंपनीच्या प्रसिद्धी सल्लागारांचे म्हणणे असे की अर्जात तिचा उल्लेख अजिबात नको. त्या रात्री पाण्याजवळ उभे राहून काम केलेले दोघे कर्मचारी हंगामी करारावर आहेत आणि अर्जात त्यांचे नावही नाही. शेवटी त्या लिहितात, “हा पुरस्कार मिळाला तर निदान इथले जुने नौकामालक मला या व्यवसायातली मानतील. अर्ज लिहावा, की या भानगडीतून अंग काढून घ्यावे?”

उत्तर :

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी इतर वाचकांसाठी दोन वाक्ये लिहिते. मरीना म्हणजे मासेमारीचे किंवा मालवाहतुकीचे बंदर नव्हे; खासगी शिडाच्या आणि इंजिनाच्या नौका वर्षभराच्या भाड्याने जिथे बांधून ठेवल्या जातात आणि जिथे त्यांना वीज, पाणी, इंधन, दुरुस्ती व राखण मिळते, असा तो तरत्या धक्क्यांचा तळ असतो. आपल्या देशात कोचीला बोलगट्टी येथे असा तळ आहे, आणि गोव्यात नावशीच्या नियोजित मरीनाला तिथल्या मच्छीमार कुटुंबांनी केलेल्या विरोधामुळे हा शब्द अनेक मराठी वाचकांच्या कानावरून गेलेला असेल.

आता तुमच्याशी बोलते. ब्रिटनमध्ये या व्यवसायात प्रतिष्ठा मिळवण्याचे निरनिराळे मार्ग आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की तुमच्यासारखा पेच उभा राहतो, असे मला वाटते. ‘गोल्ड अँकर’ ही एक श्रेणीपद्धत आहे, जिच्यात मरीनाने आधी स्वतःचे मूल्यमापन करायचे असते आणि मग बाहेरचे परीक्षक प्रत्यक्ष येऊन सेवा आणि सुविधा तपासतात. काही भेटी तर ओळख न देता होतात. दुसऱ्या प्रकारात ‘द यॉट हार्बर असोसिएशन’ या मरीनाचालकांच्या संघटनेचा ‘मरीना ऑफ द इयर’ पुरस्कार येतो, ज्यात तिथे नौका ठेवणाऱ्यांच्या मतांना महत्त्व असते. तिसरा प्रकार तुमच्यासमोर आहे, म्हणजे लेखी प्रवेशिकेचा. पहिल्या दोन प्रकारांत तुमच्याबद्दल दुसरे कोणीतरी बोलते. तिसऱ्यात तुम्हीच बोलता, आणि परीक्षकांपाशी बहुतेक वेळा तुमच्या शब्दांपलीकडे फारसे काही नसते. म्हणून इथे खरेपणाचा सगळा भार लिहिणाऱ्यावर येतो. तुमची झोप उडाली आहे ती या भारामुळे, आणि ती उडाली हे मी चांगले लक्षण समजते.

सल्लागारांचे म्हणणे मी एकदम फेटाळणार नाही. अर्जाला शब्दमर्यादा असते, प्रश्न यशाबद्दल विचारलेले असतात, आणि जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणजे खोटे बोललो असे दरवेळी होत नाही. तुमचा अर्ज जर केवळ ग्राहकसेवेच्या किंवा नव्या स्वच्छतागृहांच्या विभागासाठी असता, तर ऑगस्टचे डिझेल त्यात आणायची गरज नव्हती, असे मी निःशंकपणे सांगितले असते. पण तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘आमचे स्वच्छ पाणी’ या शीर्षकाचा एक पूर्ण परिच्छेद आहे. त्या परिच्छेदात सांडपाणी उपसण्याची सोय आहे, कचऱ्याचे वर्गीकरण आहे, धक्क्याखालच्या माशांचे छायाचित्रही आहे. नाही ते फक्त डिझेल. पाण्याबद्दल बोलायचे ठरवल्यावर त्याच पाण्याबाबत त्या वर्षात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट वगळणे, याला मी गप्प बसणे म्हणणार नाही. एकतर तो परिच्छेद पूर्ण लिहा, नाहीतर पूर्ण काढा.

सल्लागारांच्या म्हणण्यामागे एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते थोडे सैल करून पाहावे असे मला वाटते : चूक सांगितली की गुण कमी होतात. मी स्वतः काही वर्षे सेवाक्षेत्रातील पुरस्कारांच्या प्रवेशिका वाचण्याचे काम केले आहे. ओळीने वीस अर्ज वाचल्यावर ‘उत्कृष्ट’, ‘बांधिलकी’, ‘ग्राहक हाच केंद्रबिंदू’ हे शब्द डोळ्यांखालून नुसते वाहून जातात आणि मनावर काही उमटत नाही. अशा वेळी कोणी लिहिते की अमुक दिवशी आमच्याकडे हे बिघडले, कारण हे होते, आणि त्यानंतर आम्ही अशी पद्धत बदलली. तेव्हा वाचणारा सावरून बसतो. मात्र यात एक अट आहे, आणि तुमच्या पत्रात तिचे उत्तर नाही. ऑगस्टनंतर काय बदलले? डिझेल दोन तासांत आवरले हे तुम्ही सांगितलेत; पण सप्टेंबरमध्ये त्याच धक्क्यावर नौका आली तेव्हा काय वेगळे झाले, ते सांगितले नाहीत.

अशा बहुतेक गळती कशा होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. टाकी भरत आली की आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून डिझेल उसळून थेट पाण्यात पडते. नळी हातात धरणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असते, किंवा ‘अजून थोडे भरू’ असा मोह होतो. त्यावरचे उपायही फार खर्चिक नाहीत. भरण्याआधी टाकीत किती जागा शिल्लक आहे हे नौकामालकाकडून विचारून लिहून घेणे, शेवटच्या टप्प्यात वेग कमी करणे, हवेच्या नळीच्या तोंडाशी शोषक कापड धरणे, टाकी काठोकाठ न भरणे, शोषक गाद्या व तरता अडसर कुलुपाआड न ठेवता धक्क्यावर हाताशी ठेवणे, आणि हंगामी माणसांकडून वर्षातून एकदा तरी त्याची प्रत्यक्ष तालीम करून घेणे. त्या तालमीत दोन गोष्टी आवर्जून शिकवल्या जाव्यात. एक, पेट्रोल सांडले असेल तर डिझेलसारखे त्याला अडसराने घेरून एका जागी साठवू नये, कारण त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. आधी माणसे आणि ठिणगी दूर करावी. दुसरे, तवंगावर भांड्यांचा साबण ओतू नये. तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल पाण्यातच राहते, उलट विखरून खाली जाते. घाबरलेला नौकामालक नेमका हाच साबण घेऊन धावत येतो, असे या व्यवसायातल्या अनेकांकडून मी ऐकले आहे.

यांतले काही ऑगस्टनंतर तुमच्याकडे सुरू झाले असेल, तर अर्जातला सर्वांत बळकट परिच्छेद तुमच्या हातात आहेच. अंदाजे किती लिटर गेले, किती वाजता लक्षात आले, कोणाला कळवले, किती वेळात आवरले, कारण काय निघाले आणि आज त्या धक्क्यावर काय वेगळे घडते, इतके सहा-सात वाक्यांत लिहा. ‘दुर्दैवी’ हा शब्द वापरू नका आणि त्या नौकेच्या मालकावर दोषही टाकू नका. आणि यांतले काहीच सुरू झाले नसेल, तर मी कळकळीने सांगते की यंदा प्रवेशिका पाठवू नका. मार्चमध्ये हंगाम सुरू होण्याआधी ते बदल करा, एक पूर्ण उन्हाळा ते टिकतात का ते पाहा, आणि पुढच्या वर्षी लिहा. एक वर्ष थांबल्याने तुमचे काही बिघडणार नाही.

ही घटना लपणारी नाही, हेही सल्लागारांच्या कानावर घालायला हवे. ती कळवली गेली आहे, म्हणजे तिची नोंद तुमच्या कपाटाबाहेरही आहे. त्या संध्याकाळी शेजारच्या नौकांवर बसलेल्या लोकांना डिझेलचा वास आलेला आहे. उद्या पुरस्काराची बातमी स्वागतकक्षात लावली, तर ती वाचणाऱ्यांत हेच लोक पहिले असतील.

‘उत्कृष्ट’ या शब्दाबद्दल या व्यवसायाचा स्वतःचाच एक धडा आहे, तो इथे सांगावासा वाटतो. नौकेच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगांमध्ये एके काळी ट्रायब्युटिल टिन हे संयुग सर्वोत्तम मानले जाई. ज्या तळावर हा रंग लावून मिळे, तो तळ अद्ययावत समजला जाई. मग फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवे (खाण्याचे शिंपले, ऑयस्टर) वाढवणाऱ्यांच्या लक्षात आले की कालवांची कवचे विचित्र जाड होत आहेत आणि नवी पैदास टिकत नाही. फ्रान्सने १९८२ मध्ये पंचवीस मीटरांहून लहान नौकांवर या रंगाला बंदी घातली, ब्रिटनने १९८७ मध्ये तसेच केले, आणि जागतिक करार २००१ मध्ये होऊन २००८ पासून अमलात आला. सांगायचे ते एवढेच, की त्या काळी ‘आमच्याकडे सर्व काही उत्तम आहे’ असे अभिमानाने आणि प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या तळांच्या पाण्यातच ते विष होते, आणि ते सर्वांत आधी ज्यांना दिसले ते पाण्यावर पोट असलेले लोक होते. तुमच्या अर्जात तुमच्या तळाबाहेरच्या पाण्याबद्दल, तिथे मासे किंवा कालवे धरणाऱ्यांबद्दल एखादे वाक्य आहे का, ते पाहा. मसुद्यात मला ते दिसले नाही. नौकेचा तळ धुताना निघणारे, तांबे असलेल्या रंगाचे अंश मिसळलेले पाणी तुम्ही कुठे अडवता, याचे उत्तर त्या वाक्यात यायला हवे.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात. मसुद्यासोबतची सगळी छायाचित्रे भरतीच्या वेळची आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरून तरत्या धक्क्यावर उतरणारा पूल अगदी सपाट दिसतो. उधाणाच्या ओहोटीला तोच पूल किती उतरता होतो, हे रत्नागिरीच्या बंदरात वाढलेल्या मुलीला मी सांगायला नको. गुडघे दुखणाऱ्या, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या किंवा कडेवर मूल असलेल्या माणसाला तुमचा तळ कसा वाटतो, हे त्या ओहोटीलाच कळते. एक छायाचित्र त्या वेळचे काढा, आणि त्या वेळी तुमची माणसे कोणती मदत करतात तेही लिहा. आकड्यांचा नियमही सोपा आहे : ‘तक्रारी चाळीस टक्क्यांनी घटल्या’ असे लिहिण्यापेक्षा ‘पंधरावरून नऊवर आल्या’ असे लिहा, आणि मूळ नोंदवही दाखवता येणार नसेल तर आकडा लिहूच नका.

हे सगळे केवळ मरीनापुरते नाही. ज्या वाचकांच्या महाविद्यालयाचे ‘नॅक’कडून मूल्यांकन होते, ज्यांच्या रुग्णालयाला मानांकन हवे असते किंवा ज्यांची गृहनिर्माण संस्था स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरते, त्यांनाही हाच प्रश्न पडतो. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावेच्या गावे बक्षिसासाठी झाडू हातात घेऊन उभी राहिली. त्यात चुरस होती आणि चुरशीने खूप चांगले कामही झाले. बक्षिसाच्या आशेने सुरू केलेले काम खोटेच असते असे मी मुळीच मानत नाही. परंतु समितीची गाडी येण्याच्या आदल्या रात्री झाडलेला रस्ता आणि वर्षभर झाडला जाणारा रस्ता यांतला फरक गावात राहणाऱ्याला कोणी सांगावा लागत नव्हता. म्हणून अशा सर्व वाचकांना माझी एक सूचना आहे : अर्ज लिहायला बसण्याआधी स्वतःलाच विचारा, की पुरस्कार नाहीच मिळाला तरी यांतले कोणते काम पुढच्या वर्षी चालू राहील? ते काम आधी लिहा, बाकीचे नंतर.

आता तुमच्या पत्रातले ते वाक्य, जे माझ्या मनातून जात नाही. पुरस्कार मिळाला तर जुने नौकामालक तुम्हाला या व्यवसायातली मानतील, असे तुम्ही लिहिले आहे. त्याच्या आधी तुम्ही असेही लिहिले आहे, की आजही काही जण फोनवर तुमचा आवाज ऐकताच ‘जरा डॉकमास्टरला (धक्क्यांवरच्या प्रमुखाला) देता का’ असे म्हणतात. हे चौदा-पंधरा वर्षे ऐकत आलेल्या माणसाला ‘तुम्ही त्याकडे लक्ष देऊ नका’ असे सांगणे मला अपमानास्पद वाटते. ते लागते, आणि लागणारच. मात्र पुरस्काराच्या पाटीने हे थांबेल का, याचा विचार शांतपणे करावा. ज्याला आवाज ऐकून डॉकमास्टर आठवतो, तो पाटी वाचून पाटीचे श्रेय कंपनीला देईल, असे मला वाटते. आणि ज्यांच्या मतावर तुम्ही एवढा भार ठेवता, त्या २४० नौकांच्या मालकांपैकी तुम्हाला या व्यवसायातली न मानणारे नक्की किती आहेत? माझा अंदाज आहे की ते पाच-सहा असतील, आणि उरलेले लोक वादळाच्या रात्री दोर तपासायला कोणाला फोन करतात याचे उत्तर तुमच्याच फोनमध्ये असेल.

तरीही तुमची इच्छा खोटी नाही, आणि तिच्यासाठी अर्जाहून चांगली वाट आहे. पुरस्कार तळाच्या नावावर जातो. उद्या तुम्ही नोकरी बदललीत तर तो भिंतीवर तिथेच राहतो. व्यावसायिक पात्रता मात्र तुमच्या नावासोबत येते. या क्षेत्रात ‘सर्टिफाइड मरीना मॅनेजर’ ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची पात्रता आहे, आणि तिच्याआधीचे प्रशिक्षणवर्गही आहेत; कंपनीला पुरस्कारावर खर्च करायचा असेल तर त्यातला काही खर्च या प्रशिक्षणावर करावा, अशी मागणी तुम्ही निःसंकोच करू शकता. आणि ‘मी स्वतः कधी नौका चालवलेली नाही’ ही खंत तुम्ही दोन ठिकाणी लिहिली आहे, म्हणून सांगते : रॉयल यॉटिंग असोसिएशन या ब्रिटनमधल्या नौकानयन संघटनेचा पॉवरबोटचा, म्हणजे इंजिनाची छोटी नौका चालवण्याचा, दुसऱ्या पातळीचा वर्ग साधारण दोन दिवसांचा असतो. तुम्ही तो करावा असे मला मनापासून वाटते, कोणाला दाखवण्यासाठी नव्हे, तर ज्या पाण्याची व्यवस्था तुम्ही इतकी वर्षे काठावरून पाहिलीत त्यावरून एकदा स्वतःच्या हाताने आपल्याच तळात शिरून पाहावे म्हणून. बाहेरून येणाऱ्या नवख्या नौकेला तुमचे दिवे, फलक आणि रिकामी जागा कशी दिसते, हे त्या दिवशी कळेल, आणि ते तुमच्या अर्जालाही उपयोगी पडेल.

कंपनीने ऐकले नाही तर काय करावे, हेही ठरवून ठेवा. प्रथम सल्लागारांशी वाद न घालता वरिष्ठांना एक छोटे पत्र लिहा : घटना काय होती, ती कोणाला कळवली आहे, नंतर काय बदलले, आणि पाण्याचा परिच्छेद ठेवायचा असेल तर ही माहिती त्यात का हवी. सोबत तुम्ही लिहिलेला परिच्छेद जोडा. लोक कल्पनेतल्या कबुलीला घाबरतात, लिहिलेली सहा वाक्ये वाचली की भीती बरीच ओसरते. त्यांना ते नकोच असेल, तर पूर्ण परिच्छेद काढून दुसऱ्या विभागात अर्ज करण्याचा पर्याय द्या. तेही नाकारून परिच्छेद आहे तसाच पाठवायचे ठरले, तर त्यावर तुमची सही नको असे नम्रपणे, पण लेखी सांगा. यात धोका नाही असे मी म्हणणार नाही, तुमच्या घराचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण मला दिसते आहे. परंतु पर्यावरणाबाबतच्या विधानाखाली सही करणारी व्यक्ती उद्या उत्तर देणारी व्यक्तीही असते, आणि ती तुम्हीच असणार आहात.

आणि ते दोघे हंगामी कर्मचारी. तुम्ही त्यांचा उल्लेख पत्रात ओझरता केला आहे, माझ्या दृष्टीने मात्र ते या अर्जाच्या मध्यभागी आहेत. त्या रात्री पालथे पडून पाण्यातून भिजलेल्या गाद्या वर ओढणारे ते होते. कोणती नौका पावसात पाणी घेते, कोणाची बॅटरी उतरते, कोण एकटा राहतो आणि दोन दिवस दिसला नाही तर दार वाजवावे लागते, हेही त्यांनाच ठाऊक आहे. अर्ज पाठवण्याआधी त्यांना चहाला बसवा आणि पूर्ण मसुदा मोठ्याने वाचून दाखवा. ज्या वाक्याला ते एकमेकांकडे पाहतील, ते वाक्य काढून टाका किंवा ते सांगतील तसे बदला. ऑगस्टच्या परिच्छेदात, त्यांची संमती असेल तर, त्यांची नावे लिहा. त्यांचे करार दरवर्षी मार्चमध्ये नव्याने होतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि प्रवेशिकेची मुदतही मार्चअखेर आहे. म्हणून ज्या बैठकीत अर्जाला मंजुरी मागाल, त्याच बैठकीत या दोघांना कायम करण्याचा प्रस्तावही ठेवा, आणि अर्जाच्या आधी त्याच्यावर निर्णय मागा.